नायट्रोजनचं प्रेशर आणि व्हॅक्यूम: स्प्लिट एसी बसवताना न वगळायची दोन कामं

मे महिन्यात दिवसाला चार-चार एसी बसवायचे असतात, तेव्हा कात्री लागते ती नेमकी दोन कामांना. एक म्हणजे जोडलेल्या पाइपात नायट्रोजनचं प्रेशर देऊन लिकेज तपासणं. दुसरं म्हणजे व्हॅक्यूम पंप लावून पाइप आणि इनडोअरमधली हवा नि ओल काढून टाकणं. दोन्ही मिळून दीड-दोन तास जातात. त्याऐवजी आउटडोअरचा लिक्विड व्हॉल्व्ह जरासा उघडायचा, सक्शनचा (गॅस आउटडोअरला परत नेणाऱ्या जाड पाइपाचा) नट ढिला करायचा, गॅसच्या झोताने हवा बाहेर घालवायची आणि नट आवळून टाकायचा, ही पद्धत सर्रास चालते. दोन मिनिटांत काम होतं आणि एसी त्या दिवशी गारही करतो. त्रास सुरू होतो पुढच्या वर्षी, आणि तो घरमालकाच्या वाट्याला येतो.

हा लेख या कामात नव्याने आलेल्यांसाठी आहे. उदाहरण घेतो दीड टनाच्या, आर-३२ गॅसच्या घरगुती स्प्लिट एसीचं, कारण आज घरोघरी बहुतेक हाच बसतो. आर-४१०ए साठीही पद्धत जवळपास तीच. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन, स्वयंपाकाच्या गॅसइतकाच पेटणारा. त्याचं काम कंपनीचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय करू नका.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. नायट्रोजन आणि व्हॅक्यूम ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. नायट्रोजन सांगतो, ‘जोड बंद आहेत का?’ व्हॅक्यूम सांगतो, ‘आतून कोरडं आणि रिकामं झालं का?’ ‘व्हॅक्यूम पकडला, म्हणजे लिकेज नाही’ असं मानणारे बरेच भेटतील. हिशेब पाहा. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा आत घुसायला बघते ती फार तर १४.७ पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं माप) जोराने. आर-३२चा एसी बंद पडून असतो आणि बाहेर ३५ अंश तापमान असतं, तेव्हा आतला गॅस सुमारे ३०० पीएसआयने बाहेर यायला बघत असतो. १४.७ ला न दिसलेली फट ३०० ला सहज उघडी पडते. शिवाय व्हॅक्यूममध्ये फ्लेअरचा (जोडासाठी पसरट केलेल्या पाइपाच्या तोंडाचा) पत्रा आत ओढला जातो, नटातलं तेल फटीत बसतं आणि बारीक लिकेज तात्पुरतं झाकलंही जातं. म्हणून आधी नायट्रोजन, मग व्हॅक्यूम. हा क्रम उलटा करू नका.

पिशवीत काय हवं

कोरड्या नायट्रोजनचा छोटा सिलिंडर आणि त्याला चालणारा रेग्युलेटर. भरलेल्या सिलिंडरमध्ये दोन हजार पीएसआयच्या आसपास प्रेशर असतं. रेग्युलेटरशिवाय तो पाइपाला जोडणं म्हणजे जिवाशी खेळ. सिलिंडर उभा आणि बांधलेला ठेवा, उघडताना रेग्युलेटरच्या समोर उभे राहू नका.

मॅनिफोल्ड गेज, म्हणजे होज लावून प्रेशर वाचायचा संच, आर-३२ किंवा आर-४१०ए चा हवा. आर-२२ च्या जुन्या सेटचा निळा गेज इतक्या प्रेशरसाठी बनलेला नसतो, त्याला चारशे दिले तर काटा तरी तुटेल किंवा आतली नळी तरी फाटेल. आउटडोअरचा सर्व्हिस पोर्टही बदलला आहे: आर-२२ ला पाव इंचाचा होता, आर-३२ आणि आर-४१०ए ला ५/१६ इंचाचा असतो. अॅडॉप्टर जवळ ठेवा, नाहीतर पाचव्या मजल्यावर पोचल्यावर आठवण येते.

दोन स्टेजचा व्हॅक्यूम पंप, त्याचं ताजं तेल, डिजिटल मायक्रॉन गेज, पोर्टमधली पिन काढायचं टूल, टॉर्क पाना, एलन की, साबणाच्या पाण्याची बाटली, छोटा आरसा, टॉर्च. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, त्यामुळे पंप ठिणगी न पडणारा, या गॅससाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेला घ्या. यातलं सगळ्यात जास्त टाळलं जाणारं हत्यार म्हणजे मायक्रॉन गेज. माझ्या मते पहिल्या पगारातून तेच घ्यावं. का, ते व्हॅक्यूमच्या भागात येईल.

तपासणीच्या आधी: जोड

लिकेज तपासणीत सापडणाऱ्या चुका बहुतेक वेळा फ्लेअर मारतानाच झालेल्या असतात. घरगुती स्प्लिटला चार फ्लेअर जोड असतात, दोन इनडोअरला, दोन आउटडोअरला. पाइप दोन सुती (पाव इंच) लिक्विडचा आणि तीन किंवा चार सुती (३/८ किंवा अर्धा इंच) सक्शनचा.

पाइप कटरनेच कापा. हॅकसॉने कापला की तांब्याचा कीस आत जातो आणि तो पुढे थेट कॉम्प्रेसरपर्यंत पोचतो. रिमर (कापलेली कड साफ करायचं हत्यार) फिरवताना पाइपाचं तोंड खाली धरा, म्हणजे कीस बाहेर पडेल. नट आधी चढवा, मग फ्लेअर मारा. तयार फ्लेअर उजेडात फिरवून बघा: कड सगळीकडे सारखी, आतला भाग आरशासारखा, कुठे ओरखडा नाही, चीर नाही. शंका आली तर इंचभर कापून पुन्हा मारा. फ्लेअरच्या पाठीमागे आणि कडेला एसीच्या तेलाचा एक थेंब लावा. खोबरेल, ग्रीस, टेफलॉन टेप यातलं काही लावू नका. फ्लेअर जोडात धातू धातूवर बसून बंद होतो, आट्यांतून नाही, त्यामुळे टेपचा काही उपयोग होत नाही आणि नट मात्र सरळ बसत नाही.

नट आधी हाताने पूर्ण फिरवा. तो हाताने सहज चढत नसेल तर आटे तिरके लागले आहेत. मग दोन पाने: एक धरायला, एक आवळायला. पाव इंचाला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर, ३/८ ला ३३ ते ४२, अर्ध्या इंचाला ५० ते ६०. मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच पाळा. जोर काढून आवळलेल्या नटाने फ्लेअरचा पत्रा पातळ होऊन चिरतो, आणि अशी चीर पहिल्या दिवशी शांत बसते. उन्हाळ्यातल्या चढउतारांत ती उघडते.

पावसाळ्यात एक गोष्ट विसरू नका. पाइपाची तोंडं शेवटच्या क्षणापर्यंत टोपीने किंवा टेपने बंद ठेवा. भिंतीच्या भोकातून उघडा पाइप ढकलला की त्यात सिमेंटचा चुरा शिरतो, बाहेर पावसात टांगता राहिला की पाणी शिरतं. पुढच्या दोन तासांचं काम यानेच दुप्पट होतं.

नायट्रोजन: तीन टप्प्यांत

आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह कंपनीतून येतात तसेच घट्ट बंद राहू द्या. आउटडोअरमध्ये गॅस आधीपासून भरलेला असतो, त्याला आत्ता हात लावायचा नाही. व्हॉल्व्ह बंद असताना सक्शनचा सर्व्हिस पोर्ट फक्त पाइप आणि इनडोअरशी जोडलेला असतो, आणि आपल्याला तपासायचंय तेवढंच.

होज सर्व्हिस पोर्टला लावा. आधी ५० पीएसआय द्या आणि दोन-तीन मिनिटं थांबा. नट लावायचाच राहिला असेल किंवा फ्लेअर फाटला असेल तर इथेच कानाला ऐकू येईल. मग १५० ला न्या, पाच मिनिटं थांबा. मग शेवटच्या आकड्यावर.

शेवटचा आकडा किती? इनडोअर आणि आउटडोअरच्या प्लेटवर कमाल प्रेशर लिहिलेलं असतं, बऱ्याचदा मेगापास्कलमध्ये. १ मेगापास्कल म्हणजे १४५ पीएसआय. प्लेटवरचा किंवा मॅन्युअलमधला चाचणीचा आकडा कधीच ओलांडायचा नाही. त्या मर्यादेत राहून मी घरगुती आर-३२ ला ४०० पर्यंत नेतो. काही जण १५० वरच थांबतात, आर-२२ च्या काळातली सवय. वर सांगितलं तसं बंद एसीतच दुपारी ३०० असतात, तेव्हा १५० ची परीक्षा पुरेशी नाही.

नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही वापरू नका. कधीही. वेल्डिंगवाल्याकडे तो हाताशी असतो म्हणून मोह होतो. दाबाखालचा ऑक्सिजन आणि पाइपातलं तेल एकत्र आले की स्फोट होतो आणि माणसं गेलेली आहेत. सिलिंडरच्या रंगावर विसंबू नका, लेबल वाचा. टायरच्या कॉम्प्रेसरची हवाही नको. त्या हवेत ओल असते आणि ऑक्सिजनही. एसीचाच गॅस भरून तपासणं हाही उपाय नाही. आर-३२ पेटतो, आणि हवेत सुटल्यावर वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट उष्णता धरतो. ज्या किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली, तो याच जातीच्या गॅसांचा वापर कमी करत नेण्यासाठी आहे.

साबणाचा फेस

४०० वर आल्यावर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, काटा नेमका कुठे आहे ते लिहा, शेजारी वेळ आणि तापमान लिहा. मग चारही जोडांवर साबणाचं पाणी लावा. भांड्याचा सौम्य द्रव साबण थोडा जास्त घेऊन पाणी हळू ढवळा, आधीच फेस झालेलं पाणी लावलं तर त्यातच बुडबुडे असतात आणि काही कळत नाही. ब्लीच किंवा अमोनिया असलेला क्लीनर पितळेच्या नटाला लावू नका, त्याने पितळ पुढे चिरतं.

मोठं लिकेज लगेच फुगे काढतं. बारीक लिकेज मिनिट-दोन मिनिटांनी पांढऱ्या, साबुदाण्यासारख्या दाट फेसाचा एक पुंजका करतं. घाई केली तर तो दिसत नाही. नटाच्या मागची बाजू आरशाने बघा. इनडोअरचे जोड भिंतीच्या खाचेत असतात, म्हणूनच तिथली तपासणी चुकते; टेप गुंडाळायच्या आधी ती करा. सर्व्हिस पोर्ट आणि स्वतःच्या होजचे जोडही तपासा, नाहीतर होजचं लिकेज एसीचं समजून तासभर शोधत बसाल.

लिकेज सापडलं तर प्रेशर असताना नट आवळून बघायचा मोह होतो. एकदा, टॉर्कच्या मर्यादेत, ठीक आहे. तरी थांबलं नाही तर प्रेशर सोडा, नट उघडा, फ्लेअर पुन्हा मारा.

काटा उतरला, पण का?

आता थांबायचं. घरगुती कामात किमान अर्धा तास. पाइप लांब असेल, मध्ये ब्रेझिंगचा (धातू वितळवून केलेला) जोड असेल किंवा पाइप भिंतीत कायमचा गाडला जाणार असेल तर रात्रभर.

रात्रभर ठेवल्यावर मला नवखेपणी चांगलाच घाम फुटला होता. दुपारी गच्चीवर ३६ अंश असताना ४०० वर सोडलं, सकाळी काटा ३८६-३८७ वर. चारही जोड उघडले, फ्लेअर पुन्हा मारले, सगळा दिवस गेला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. लिकेज नव्हतंच. सकाळी तापमान २६ होतं, एवढंच.

बंद जागेतला वायू गार झाला की त्याचा दाब उतरतो. हिशेब सोपा आहे: ४०० पीएसआयच्या आसपास दर एक अंशाला साधारण १.३ ते १.४ पीएसआय. दहा अंश उतरले की तेरा-चौदा पीएसआय उतरणारच. म्हणून तापमान लिहायला सांगितलं. उन्हात तापलेल्या पाइपावर सावली आली तरी फरक पडतो. तापमान तेच आणि काटा खाली, तर लिकेज आहे. तापमानाच्या हिशेबात बसणारी घट असेल तर जोडांना हात लावू नका.

सगळं ठीक असेल तर नायट्रोजन हळूहळू सोडा, खिडकी उघडी ठेवून. नायट्रोजन विषारी नाही, पण बंद खोलीत तो हवेची जागा घेतो. गेज शून्याजवळ येईपर्यंत सोडा. प्रेशर असलेल्या पाइपाला पंप कधीच लावायचा नाही, पंपाचं तेल बाहेर उडेल.

व्हॅक्यूमने काय होतं

नव्या मुलांना मी एक गोष्ट आधी सांगतो: पंप पाणी ओढत नाही. तो आतला दाब इतका उतरवतो की पाणी खोलीच्या तापमानालाच उकळतं, आणि मग ती वाफ पंप ओढून घेतो.

दाब मोजायला इथे मायक्रॉन हे माप वापरतात. पाऱ्याचा एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन, आणि समुद्रसपाटीची हवा ७६० मिलिमीटर, म्हणजे ७,६०,००० मायक्रॉन. खोलीत ३० अंश असतील तर पाणी उकळायला लागतं साधारण ३२,००० मायक्रॉनला. आपल्याला पोचायचंय ५०० च्या खाली.

आता मॅनिफोल्डच्या निळ्या गेजकडे बघा. शून्याच्या खाली पाऱ्याच्या ३० इंचांपर्यंत आकडे. ३२,००० मायक्रॉन त्यावर येतात २८.७ इंचांच्या आसपास. म्हणजे पाणी उकळायला नुकतीच सुरुवात होते तेव्हा काटा जवळजवळ तळाला गेलेला असतो, आणि खरं कोरडं होण्याचं सगळं काम उरलेल्या सव्वा इंचात होतं. ५०० मायक्रॉन म्हणजे त्या गेजवर इंचाचा पन्नासावा भाग. तो काट्याच्या जाडीपेक्षा बारीक. ‘काटा तीसला गेला, झाला व्हॅक्यूम’ असं म्हणणाऱ्याला आत पाणी आहे की नाही हे सांगताच येणार नाही.

पुण्यात तर काटा तीसला जातच नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, तिथल्या हवेचाच दाब साधारण २८ इंच. महाबळेश्वरला तो २५-२६ पर्यंत उतरतो. पंप उत्तम असला तरी काटा तेवढ्यावरच थांबेल, आणि मुंबईत शिकलेला मुलगा पंप खराब झाला म्हणून नवा आणायला जाईल. मायक्रॉन गेज उरलेला दाब थेट मोजतो. त्याला मुंबई, पुणे, महाबळेश्वर सगळं सारखंच.

ओलीचा एवढा बाऊ का? आर-३२ आणि आर-४१०ए सोबत बहुधा पीओई जातीचं तेल असतं आणि ते पाणी शोषून घेतं. पाणी आणि ते तेल उष्णतेत एकत्र राहिले की आम्ल तयार होतं. ते कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन खातं, पाइपाच्या आतून तांबं सोडवतं. उरलेली हवा वेगळा त्रास देते: ती कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही, जागा अडवून बसते, डिस्चार्जचं प्रेशर चढतं, वीज जास्त लागते, गारवा कमी होतो. ज्या एसीची ‘दोन वर्षांतच कॉम्प्रेसर गेला’ अशी तक्रार येते, त्याचं पोट उघडल्यावर तेल काळपट आणि उग्र वासाचं निघालं, तर मी आधी बसवणाऱ्याने व्हॅक्यूम किती वेळ मारला हेच विचारतो.

पाण्याचा एक थेंब, साधारण ०.०५ ग्रॅम, ३० अंशाला आणि ५०० मायक्रॉनला वाफ होऊन सुमारे १०० लिटर जागा व्यापतो. एवढी वाफ पाव इंचाच्या होजमधून ओढायची असते. पावसाळ्यात पंप तासभर चालवूनही गेज का हलत नाही, याचं उत्तर या एका थेंबात आहे.

व्हॅक्यूम मारताना

पंपाचं तेल आधी बघा. काचेत ते पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं. दुधासारखं झालं असेल तर ते ओल प्यायलेलं आहे, बदला. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर मी दर तीन-चार कामांनंतर तेल बदलतो. पंपाच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

सर्व्हिस पोर्टमधली पिन टूलने काढून घ्या आणि होज शक्य तितका जाड, ३/८ चा, नि आखूड लावा. पिन आणि बारीक होज हीच खरी अडगळ असते. मोठा पंप घेण्यापेक्षा एवढा बदल जास्त वेळ वाचवतो. मायक्रॉन गेज पंपाजवळ लावू नका, पंपाजवळ नेहमी चांगलाच आकडा दिसतो. पिनच्या टूलच्या बाजूच्या तोंडाला, म्हणजे एसीजवळ लावा. आणि नायट्रोजनच्या प्रेशरखाली हा गेज कधी ठेवू नका, सेन्सर जातो.

सक्शनच्या एकाच पोर्टमधून लिक्विडचा पाइपही रिकामा होतो, कारण दोन्ही पाइप इनडोअरच्या कॉइलमधून एकमेकांना जोडलेले आहेत आणि बहुतेक घरगुती स्प्लिटमध्ये कॅपिलरी किंवा एक्सपान्शन व्हॉल्व्ह (गॅसचं प्रेशर उतरवणारा भाग) आउटडोअरमध्ये असतो.

पंप चालू करा. पंपाला गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा घेणारी झडप) असेल तर पहिली काही मिनिटं उघडा ठेवा, वाफ तेलात न मुरता बाहेर जाते. आकडा आधी भराभर उतरतो, मग कुठेतरी रेंगाळतो. रेंगाळला तर आत पाणी उकळत आहे असं समजा आणि थांबा. कोरड्या दिवशी, चार-पाच मीटर पाइपाला वीस मिनिटांत ५०० च्या खाली जातो. पावसाळ्यात एक तासही लागतो.

तासाभरानेही उतरत नसेल तर पंप तसाच चालवत बसण्यापेक्षा हे करा: पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करा, मायक्रॉन गेज वेगळा करा, कोरडा नायट्रोजन दोन-तीन पीएसआयपर्यंत सोडा, पाच मिनिटं थांबा, सोडून द्या, पुन्हा व्हॅक्यूम. तीनदा. कोरडा नायट्रोजन आतली ओल स्वतःबरोबर घेऊन बाहेर येतो. पाणी शिरलेल्या पाइपाला दुसरा इतका चांगला उपाय नाही.

आणि हे सगळं चालू असताना एसीचा स्विच बंद. व्हॅक्यूममध्ये कॉम्प्रेसर चालू झाला तर टर्मिनलपाशी ठिणगी पडून तो जागीच जळू शकतो.

आकडा परत चढतो तेव्हा

५०० च्या खाली गेल्यावर आधी पिन टूलचा व्हॉल्व्ह बंद करा, मग पंप. उलट केलं तर पंपातली हवा, कधी तेलसुद्धा, पाइपात परत जातं. आता दहा-पंधरा मिनिटं गेजकडे बघत राहायचं.

थोडा चढेलच. वर चढून ५०० ते ७०० च्या आसपास ठरला, तर काम झालं. हजार-दीड हजारापर्यंत चढून तिथे थांबला, तर ओल शिल्लक आहे, पुन्हा पंप लावा. थांबायचं नावच न घेता एका चालीने चढत राहिला, तर कुठेतरी हवा आत येते आहे. नायट्रोजनची परीक्षा पास झालेली असेल तर आधी होजचा वॉशर आणि गेजचे जोड तपासा, दहात सातदा तिथेच सापडतं.

मायक्रॉन गेज नसेल आणि काम करायचंच असेल, तर पंप किमान अर्धा तास, पावसाळ्यात एक तास चालवा आणि काटा अर्धा तास जागचा हलत नाही हे बघा. काहीच न करण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. पण गेज घ्या.

गॅस सोडणं

पिन टूलनेच परत बसवा, व्हॅक्यूम न घालवता. पंपाचा होज काढायच्या आधी लिक्विड व्हॉल्व्ह एलन कीने पाव फेरा उघडा आणि पाच-दहा सेकंदांत बंद करा. आत थोडं प्रेशर येतं. या अवस्थेत चारही जोडांवर पुन्हा एकदा साबण लावा, आणि आर-३२ साठी चालणारा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर असेल तर तोही फिरवा. मग लिक्विड पूर्ण, नंतर सक्शन पूर्ण उघडा. टोकाला लागलं की थांबा, जोर लावू नका. जवळ सिगारेट, ब्रेझिंगचा गॅस-टॉर्च, अगरबत्ती काही पेटतं नको.

पाइप किती लांब झाला ते मोजा. आउटडोअरमधला गॅस ठराविक लांबीपुरताच असतो, तो आकडा प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. त्यापुढे दर मीटरला किती ग्रॅम टाकायचे तेही दिलेलं असतं. पाव इंचाच्या लिक्विड पाइपाला बऱ्याच मॉडेलमध्ये २० ग्रॅमच्या आसपास. तो गॅस वजनकाट्यावर मोजून घाला. फक्त प्रेशर बघून अंदाजाने भरू नका.

व्हॉल्व्हच्या आणि पोर्टच्या पितळी टोप्या पान्याने आवळा. टोपी म्हणजे दुसरं कुलूप. आतली पिन जरा गळकी असली तरी गॅस टोपीशी अडतो. कित्येक ‘गॅस कमी झाला’च्या तक्रारीत मला ही टोपी हाताने फिरवून सोडलेली सापडते.

घरमालक असाल आणि हे वाचत असाल, तर मिस्त्रीला उगाच परीक्षा घेतल्यासारखं न विचारता एवढंच विचारा: ‘भाऊ, नायट्रोजन आणलाय ना? व्हॅक्यूमनंतर गेजचा आकडा मला दाखवाल?’ ज्याच्याकडे सामान आहे तो आनंदाने दाखवतो. आणि त्याला दोन तास द्या. संध्याकाळी पाहुणे यायच्या आत उरकायला सांगू नका. नायट्रोजन आणि व्हॅक्यूमचे वेगळे पैसे लागत असतील तर ते आधी ठरवा आणि द्या. ही मेहनत फुकट मागितली की पुढच्या घरी ती गाळली जाते.

साबणाचे डाग ओल्या फडक्याने पुसून जोड कोरडे करा. मग इन्सुलेशन चढवा, टेप खालून वर गुंडाळा म्हणजे पावसाचं पाणी आत शिरणार नाही. शेवटी मार्करने आउटडोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा: तारीख, नायट्रोजन किती पीएसआय, किती वेळ, व्हॅक्यूम किती मायक्रॉनला थांबला, वरून किती ग्रॅम गॅस घातला, पाइप किती मीटर. चार वर्षांनी झाकण उघडणारा मिस्त्री कोणीही असो, त्याला सुरुवात कुठून करायची हे कळेल.